बिनतारखेचा पैसा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: सासूबाई, नवरा-बायको, दोन मुलं. दीड एकर कोरडवाहू जमीन यजमानांच्या नावावर, बाकी दोघांची मजुरी. ताईंना लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, सासूबाईंना संजय गांधी निराधारचे १,५००, आणि यजमानांना पीएम किसान व नमो शेतकरीचे हप्ते. मागच्या वर्षी शिलाई मशीनसाठी त्यांनी फायनान्सच्या गटातून कर्ज घेतलं. दर महिन्याच्या १२ तारखेला १,४५० चा हप्ता. ‘दीड हजार येतातच, त्यातून परस्पर जाईल,’ असा हिशेब होता. पण मध्ये दोन महिने पैसेच आले नाहीत. एक हप्ता यजमानांच्या मजुरीतून आणि जावेकडून घेतलेल्या ३०० रुपयांतून कसाबसा भरला, दुसरा थकला, आणि मीटिंगला सगळ्या बायकांसमोर बोलणी खावी लागली. मग एकदम ३,००० जमा झाले आणि त्याच दिवशी संपले. यजमान म्हणाले, ‘तुझ्या हाताला बरकत नाही. बँकेचं कार्ड माझ्याकडे दे, सगळं भिशीत टाकू, एकरकमी हातात आले तर काहीतरी उभं राहील.’ ताईंना वाटतं, सरकारने दर आठवड्याला थोडे थोडे दिले असते तर निभावलं असतं. सासूबाई आपले पैसे हातचे सोडत नाहीत, त्यावरून वेगळी कुरबुर. ताई विचारतात: चूक माझी आहे का, आणि हा पैसा टिकवायचा कसा? सोबत त्या दिवसाच्या खर्चाचं, मुलीच्या वहीतून फाडलेलं पान जोडलं आहे.

ताई,

त्या पानापासूनच सुरुवात करते. वाण्याची उधारी ७८०. गटाचा थकलेला हप्ता १,४५०. जावेचे परत ३००. सासूबाईंच्या गोळ्या २६०. मुलीच्या वह्या १२०. केळी आणि भेळ ९०. बेरीज बरोबर तीन हजार, आणि खाली रेघ ओढून तुम्ही लिहिलंय, ‘संपले’.

या पानावर उधळपट्टी शोधायला बसलं तर फार तर ते ९० रुपये सापडतील. पोरांना दोन महिन्यांनी भेळ खाऊ घातली याला उधळपट्टी म्हणायची माझी तयारी नाही. आता पहिल्या तीन ओळी बघा. वाणी, गट, जाऊ मिळून २,५३० रुपये झाले. हे पैसे तुम्ही त्या दिवशी खर्च केलेच नाहीत. ते आधीच्या दोन महिन्यांतलं देणं होतं: वाण्याचे तेल-तांदूळ-साखर होऊन पोटात गेले होते, बाकीचे मशीनच्या हप्त्यांचे होते. त्या दिवशी फक्त त्यांची फेड झाली. पैसे जमा झाले तेव्हा त्यातले पाचशेहून कमी रुपये तुमचे होते आणि बाकीच्यांवर आधीच दुसऱ्यांची नावं लागलेली होती. यजमानांना दिसले ते सकाळी आलेले तीन हजार आणि संध्याकाळचं रिकामं खातं. मधले दोन महिने त्या एका दिवसात दिसत नाहीत. म्हणून बरकतीचा ठपका मला मान्य नाही. हे पान त्यांच्यापुढे ठेवा आणि तीन ओळींखाली रेघ मारून दाखवा. बोलून पटवण्यापेक्षा ते सोपं जाईल.

उधारीला व्याज नसतं असं आपण धरून चालतो. कागदावर नसतंच. पण वहीत नाव लागलं की भाव विचारायची सोय राहत नाही. दुकानदार देईल तो माल, देईल त्या भावाने घ्यायचा, आणि तेल लिटरने परवडत असूनही पावशेराने आणायचं. ज्या घरात पैसा उशिरा येतो त्या घराला तोच पैसा कमी पुरतो. हा उशिराचा खर्च कुठल्याच योजनेच्या कागदावर दिसत नाही, पण तो भरता तुम्हीच.

आता वर्षाचा हिशेब मांडू. लाडकी बहीणचे १८,०००. सासूबाईंचे १८,०००. पीएम किसानचे ६,०००, नमो शेतकरीचे ६,०००. एकूण ४८,०००, म्हणजे महिन्याला सरासरी ४,०००. पण हे चार हजार तुमच्या घराने एकत्र कधीच पाहिलेले नसतील. एखाद्या महिन्यात शून्य. एखाद्या महिन्यात दोघींचे थकलेले हप्ते आणि शेतीचे दोन्ही हप्ते जुळून आले तर दहा हजार. पोट मात्र रोज लागतं, बाजार आठवड्याला भरतो, गोळ्या महिन्याला संपतात, खत-बियाणं पेरणीच्या तोंडावर लागतं. येणाऱ्या पैशाचा आणि जाणाऱ्या पैशाचा मेळ नाही. तुमच्या घराची अडचण रकमेची आहेच, पण त्या दोन महिन्यांत तुम्हाला खाली आणलं ते तारखेने.

आणि इथे मला तुम्हाला थोडं टोकायचं आहे. ‘दीड हजार येतातच’ हे तुम्ही कर्ज घेताना धरलंत. पगाराला तारीख असते, या पैशाला नाही. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच जुलै आणि ऑगस्टचे पैसे ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आसपास एकत्र आले. त्याच वर्षी निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही एकत्रच आले. तेव्हा ते आगाऊ होते म्हणून सगळ्या खूश होत्या. पण जे आगाऊ येऊ शकतं ते मागाहूनही येऊ शकतं. पीएम किसानचं तर नियमातच तसं आहे. वर्षाचे तीन कालखंड: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. प्रत्येक कालखंडाला २,००० रुपये. ते चार महिन्यांत कुठल्याही दिवशी आले तरी सरकारच्या लेखी वेळेवरच. मृगाच्या पावसात बियाणं घ्यायचं असतं आणि हप्ता जुलैच्या शेवटी येतो, तरी कागद म्हणतो वेळेत. अशा पैशाच्या भरवशावर ज्या देण्याला पक्की तारीख आहे आणि चुकलं तर दंड आहे, ते देणं बांधू नये. तुमच्या पत्रातली एवढी एकच गोष्ट मी बदलायला सांगेन. बाकीचं बरंचसं तुम्ही नीटच करता आहात.

हे असंच असायला हवं का? नाही. तमिळनाडूने २०२३ मध्ये बायकांसाठी महिन्याला १,००० रुपयांची योजना सुरू केली, तिथे १५ तारीख ठरवलेली आहे. ओडिशाने २०२४ मध्ये सुभद्रा योजना आणली. त्यात वर्षाला १०,०००, पण दोनच हप्ते: एक राखीपौर्णिमेला, एक ८ मार्चच्या महिला दिनाला. पाच-पाच हजार वर्षातून दोनदा येणं वेगळं आणि दर महिन्याला थोडे येणं वेगळं, त्यावर वाद होऊ शकतो, पण कधी येणार हे बाईला आधी ठाऊक असतं. ग्रामसभेत, महिला मेळाव्यात, मत मागायला येणाऱ्यांसमोर ‘रक्कम वाढवा’ ही मागणी आपण करतो. त्याच दमात ‘तारीख ठरवा’ हेही म्हणा. तिजोरीवर त्याचा बोजा तुलनेने फार कमी आहे.

आता तुमच्या दोघांच्या वादाकडे येते. तुम्हाला थोडं थोडं हवंय, यजमानांना एकरकमी. मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या पैशाबद्दल बोलताय.

पश्चिम केनियात २०११ ते २०१३ च्या दरम्यान गरीब घरांना कुठलीही अट न घालता रोख रक्कम देऊन पाहिली गेली. काही घरांना एकदम, काहींना नऊ महिने दर महिन्याला. ज्यांना दरमहा मिळाले त्यांच्याकडे खाण्याची ददात अधिक कमी झाली. ज्यांना एकरकमी मिळाले त्यांच्याकडे टिकाऊ वस्तूंवर खर्च जास्त झाला. दोन्ही प्रकारच्या घरांतली माणसं सारखीच होती. ज्या चालीने पैसा आला त्या चालीची कामं त्याने केली. अमेरिकेत अन्नासाठीची मदत महिन्यातून एकदा कार्डावर येते. तिथल्या अभ्यासांत दिसलं की महिना सरत जातो तसं त्या घरांतलं खाणं घटत जातं. म्हणजे अगदी ठरलेल्या तारखेला, नियमाने पैसे मिळूनही शेवटचा आठवडा ओढगस्तीचाच. आणि ब्रिटनने २०१३ पासून आपल्या जुन्या मदत योजना एकत्र करून महिन्याला एकदाच पैसे द्यायला सुरुवात केली, कारण काय तर पगारासारखी सवय लागावी. पहिला पैसा हातात यायलाच साधारण पाच-सहा आठवडे जायचे, तेवढ्यात भाडं थकायचं. पुढे स्कॉटलंडने लोकांना महिन्यातून दोनदा घेण्याचा पर्याय दिला आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर दोनदाच देण्याची पद्धत ठेवली. श्रीमंत देशांतली, शिकलेली माणसंसुद्धा महिन्याच्या रकमेवर आठवडे काढताना अडखळतात. तेव्हा ‘आपल्यालाच जमत नाही’ हे डोक्यातून काढून टाका.

तुमच्या घरात पोटाचा आणि औषधाचा पैसा थोडा थोडा हवा, शेताचा आणि मशीनचा एकदम हवा. सरकार कसं पाठवतं ते तुमच्या हातात नाही. तुम्ही कसं काढता ते आहे.

पहिलं काम कर्जाच्या हप्त्याचं, कारण दंड तिथेच आहे. पीएम किसान आणि नमोचे हप्ते थोडे मागेपुढे येतात, पण एका फेरीचे दोन्ही मिळून ४,००० होतात. या एकाच फेरीपुरते यजमानांकडून त्यातले २,९०० मागून घ्या. २,९०० का, तर दोन कर्जहप्ते. उरलेले ११०० शेताला. हे २,९०० खर्चायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. यापुढे १२ तारखेचा हप्ता नेहमी या ठेवीतून भरा, लाडकी बहीणचे आले असोत वा नसोत. आणि लाडकी बहीणचे जेव्हा येतील तेव्हा आधी ही ठेव पुन्हा २,९०० करा, मग उरेल ते घरात वापरा. दोन महिन्यांचे एकत्र आले तर दोन हप्त्यांची भर होईल. दोन महिने आलेच नाहीत तरी गटात मान खाली घालायची वेळ येणार नाही. पैसा तोच, फक्त एक पाऊल मागे राहून वापरायचा. तिसरा महिनाही कोरडा गेला तर मात्र ओढाताण होईलच, ते लपवत नाही.

यजमान म्हणतील, शेताचे पैसे तू मागतेस. त्यांना सांगा, उसने मागते. कर्ज फिटलं की ते २,९०० तसेच उभे असतील, आणि त्यांना हवी असलेली एकरकमी रक्कम तीच. भिशीपेक्षा लवकर आणि खात्रीने.

भिशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या घराने आत्ता त्यात पडू नये. भिशी वाईट म्हणून नाही. कितीतरी घरांचं लग्नकार्य, छप्पर भिशीवर झालंय. पण भिशीला दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम द्यावीच लागते, आणि तुमच्याकडे येणारा पैसा बिनतारखेचा. म्हणजे जी चूक कर्जात झाली तीच पुन्हा. त्यात चालवणाऱ्याने हात वर केले तर दाद कुठे मागायची हा प्रश्न असतोच. साठवायचंच असेल तर पोस्टातलं आवर्ती खातं महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येतं. तिथे एखादा हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड. सलग चुकवत राहायचं नाही एवढंच, चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. गावात चांगला बचत गट असेल, दर बैठकीला वही सगळ्यांसमोर वाचली जात असेल, तर तो त्याहून बरा, कारण अडीनडीला तिथून कर्जही मिळतं.

आठवड्याच्या पैशाबद्दल. ज्यांच्या डोक्यावर कर्ज नाही अशा वाचक भगिनींसाठीही हे लिहिते. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी सगळे काढून आणायची आपल्याकडे रीत पडली आहे, कारण ‘बँकेत राहिले तर कापतील’ ही भीती. ती अगदीच खोटी नाही. २०२४ मध्ये पहिले पैसे आले तेव्हा जुन्या थकबाकीपोटी किंवा किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी रक्कम वळती झाल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. पण जनधन किंवा साध्या मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अटच नसते, आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. आपलं खातं त्या प्रकारचं आहे का, ते पासबुक घेऊन बँकेत विचारा. नसेल तर तसं करून मागा.

चार वेळा मोफत म्हणजे आठवड्याला एकदा. बाजाराच्या दिवशी बँक मित्राकडे अंगठा लावून तेवढ्यापुरते काढा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. किती काढायचे? १,५०० भागिले चार म्हणजे ३७५ वाटतं. पण वर्षात आठवडे ५२ असतात. महिन्याला चारच धरले तर ४८ होतात, चार आठवडे हिशेबाबाहेर राहतात, आणि तेच चार आठवडे वाण्याच्या वहीत जातात. वर्षाच्या १८,००० ला ५२ ने भागलं तर ३४६ येतात. म्हणून ३४० धरा. ३५ रुपयांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण पाच बाजार येणाऱ्या महिन्यात शेवटच्या बाजाराला पिशवी रिकामी येत नाही ती त्यामुळे. पाचव्या बाजाराचे पैसे त्या महिन्यात चौथ्या वेळीच थोडे जास्त काढून ठेवा, म्हणजे पाचव्यांदा काढण्याचा प्रश्न नको.

ज्या खात्यात योजनेचे पैसे येतात त्या खात्यावर कुठलाही आपोआप कापला जाणारा हप्ता लावू नका. मोबाइल दुकानदार, फायनान्सवाले, विमावाले सही घेताना तेच खातं मागतात, कारण त्यांना ठाऊक असतं तिथे पैसे येतात. पैसे नसताना मागणी आली की ती परत जाते, त्याचा दंड बँक लावते, कंपनी वेगळा लावते, आणि पुढच्या वेळी आलेले पैसे तुमच्या हाती लागण्याआधीच त्यात जातात. सही आधीच झाली असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन ती बंद करता येते. मग हप्ता दुसऱ्या मार्गाने वेळेवर भरायची जबाबदारी मात्र आपली.

कार्ड कोणाकडे राहावं हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात तो प्रश्न आहे. तुमच्याकडेच राहू द्या. यजमानांचा हेतू मला वाईट वाटत नाही, त्यांना घर उभं करायचंय. पण पोटाचा, औषधाचा, वह्यांचा खर्च कधी आणि किती येतो ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि जो रोज खर्च करतो त्याच्या हातात पैसा नसला की प्रत्येक गोळीच्या पाकिटासाठी मागायची वेळ येते. हिशेब मात्र उघडा ठेवा. मुलीच्या वहीतलं पान फाडण्याऐवजी एक वेगळी दहा रुपयांची वही करा आणि ती कोणालाही चाळता येईल अशी ठेवा. यजमानांनीही किसान आणि नमोचं त्यात लिहावं. एकतर्फी हिशेबाची नंतर उलटतपासणी होते.

सासूबाईंचं थोडं वेगळं आहे. ते पैसे त्यांचे आहेत, आणि घराच्या वर्षाच्या हिशेबात मी धरले तरी घराला ते हक्काने मागता येणार नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे बघितलेल्या बाईच्या नावावर म्हातारपणी पैसा येतो तेव्हा तो घट्ट धरून ठेवणं मला तरी समजतं. तुमच्या पानावर त्यांच्या गोळ्यांचे २६० तुमच्या पैशांतून गेले आहेत. एवढंच बोला: ‘आई, गोळ्या तुमच्या पैशातून आणूया का? बाकीचं तुम्ही बघा.’ बहुतेक त्या नाही म्हणणार नाहीत. मग राहिलेल्या पैशांचा विषय काढू नका. त्यातले निम्मे नातवंडांवरच खर्च होत असणार, याची खात्री तुम्हालाही असेल.

हप्ता आला नाही की आधी शेजारणीला विचारा, तिचा आला का. कोणाचाच आला नसेल तर थांबण्याशिवाय इलाज नाही, उगाच बँकेत खेटे घालून मजुरी बुडवू नका. सगळ्यांचा आला आणि तुमचाच नाही, तर त्याच आठवड्यात हालचाल करा. असं झालं की बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं. एक, ई-केवायसी किंवा कागदांत काही अडकलंय. त्यासाठी अंगणवाडी सेविका किंवा सेतू केंद्र. दोन, पैसे आलेत पण दुसऱ्याच खात्यात. थेट लाभाचा पैसा आधारला ज्या बँकेचं खातं शेवटचं जोडलं गेलं तिथे जातो. मध्यंतरी कोणी नवं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, की जोडणी तिकडे वळते आणि जुन्या पासबुकात आपण शोधत बसतो. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, गावातल्या केंद्रावर बघून मिळेल. सासूबाईंच्या बाबतीत हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो, तो राहिला की पैसे थांबतात. तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत त्याची पोच घ्या आणि ती पोच पासबुकातच ठेवा.

शेवटी फायनान्सवाल्यांबद्दल, कारण मीटिंगमधल्या बोलण्याने तुम्ही फार दुखावल्या आहात हे पत्रात दिसतं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना बिनतारण दिल्या जाणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. हप्ता किती दिवसांनी भरायचा यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचिकता देण्याचं धोरण प्रत्येक संस्थेकडे असलंच पाहिजे, असं त्यात आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हेही आहे. दंड लावायचा तो थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, आणि दमदाटीची, अपमानाची भाषा तर चालतच नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्याचा दंड नाही. तेव्हा येणाऱ्या साहेबांना शांतपणे, पण लेखी विचारा: हप्त्याची तारीख मजुरीचा पैसा हातात येतो त्याच्या जवळ आणता येईल का? नाही म्हणाले तर संस्थेच्या तक्रार क्रमांकावर बोला. तो क्रमांक तुमच्या कर्जपत्रिकेवर, म्हणजे त्या हप्त्यांच्या सह्या असलेल्या कार्डावर, छापलेला असतो.

त्याच कार्डावर किती हप्ते उरलेत तेही बघा, पत्रात ते नव्हतं. सात-आठच उरले असतील तर तारखेसाठी फार भांडू नका, वरच्या २,९०० च्या ठेवीवर ते निघून जातील. मात्र शेवटचे दोन-तीन राहिले की साहेब नवं, मोठं कर्ज देऊ करतील, जुनं त्यातच वळतं करून. मशीनवर महिन्याला किती शिवण होते आणि त्याचे रोख किती मिळतात, हे त्या नव्या वहीत तोवर लिहीत जा, आणि तो आकडा बघितल्याशिवाय सही करू नका.